दशांशची पाचवी

आमच्या खरेदी कार्यालयात एके काळी अशी कुजबुज होती की मापनखोलीतल्या दशांशने एका बाईपायी लष्कराचं हेलिकॉप्टर जमिनीवर बसवलं. आणि बाई पहिली नव्हे, पाचवी! आधीच्या चौघी कोण, याचीही यादी कॅन्टीनमध्ये तयार होती. टपाल विभागातल्या बाई त्या यादीत दोनदा होत्या, कारण यादी करणारे दोघे होते आणि दोघांचाही त्यांच्यावर राग होता. ही कुजबुज मी स्वतः निदान चाळीस जणांना सांगितली असेल. खोटं कशाला बोलू, दरवेळी थोडं तिखटमीठ लावूनच सांगितली.

दशांश म्हणजे आमचा माप-तपासनीस. खरं नाव हजेरीपटात होतं, ते तिथेच राहिलं. हे टोपणनाव पडलं ते लग्न ठरल्यावर. दोघांच्या अंगठ्या पठ्ठ्याने कार्यालयात आणल्या, मायक्रोमीटरमध्ये धरल्या आणि तडक सोनाराकडे परत नेल्या. का, तर मिलिमीटरचे दोन दशांश लंबगोल आहेत. सोनार म्हणाला, "अहो, बोट तरी कुठे गोल असतं?" यावर हा घरी जाऊन बोटं मोजत बसला. वडील घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांच्या कपाटाएवढ्या टपरीत याचं बालपण गेलं. बारीक चाकं फुंकरीने उडतात म्हणून तिथे श्वाससुद्धा विचारून घ्यावा लागे. त्यामुळे मोठेपणी जी जागा मिळाली ती त्याला ऐसपैसच वाटली असणार.

ती जागा म्हणजे मापनखोली. तळमजल्याच्या टोकाला, खिडकी नसलेली. एकामागे एक दोन दारं, दोन्हींना काचेचा झरोका. आतलं लागल्याशिवाय बाहेरचं उघडायचं नाही, आणि दोन्हींच्या मध्ये एक माणूस कसाबसा मावेल एवढीच फट. आत बारा महिने वीस अंश. बाहेर रस्त्यावरचं डांबर पायाला चिकटायचं तेव्हा हा बाबा स्वेटर घालून कामावर निघायचा. बावीस वर्षं! घर म्हणाल तर त्याच आवारातल्या वसाहतीत, तळमजल्यावर, दोन खोल्या. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मापनखोलीची भिंत दिसायची. भिंत आतून बघून कंटाळा आला की बाहेरून बघायची, एवढाच त्याचा हवापालट.

घरात बायको आणि सासूबाई. सासूबाईंच्या खुब्याचं हाड मोडलेलं. त्या बाहेरच्या खोलीत पलंगावर असायच्या आणि लोखंडी चौकट धरून न्हाणीघरापर्यंत जायच्या. जिभेचं हाड मात्र शाबूत. नोकरी गेली तर तीस दिवसांत घर रिकामं करायचं, असा वसाहतीचा नियम होता. तळमजल्याची दुसरी जागा शहरात मिळणं कठीण, आणि सासूबाईंना जिना चढता येणं त्याहून कठीण. म्हणजे नोकरी, घर आणि म्हातारीचं मोडकं हाड हे तिन्ही एकाच खिळ्याला टांगलेलं होतं.

आता आमच्या कार्यालयाचा एक शब्द सांगतो, कारण सगळं रामायण त्या शब्दाचं आहे. तो शब्द म्हणजे 'वरीलप्रमाणे'. आमच्याकडे हजारांनी नट-बोल्ट यायचे. त्यातले चार मोजायचे, आकडे लिहायचे आणि खालच्या रकान्यांत 'वरीलप्रमाणे' असं ओढत जायचं. तपासनीसाने वरीलप्रमाणे लिहिलं की पर्यवेक्षक त्याखाली 'वरीलप्रमाणे सहमत' लिही, त्याखाली उपप्रमुख, त्याखाली प्रमुख. मी एकदा रजेच्या अर्जात कारणाच्या रकान्यात वरीलप्रमाणे लिहिलं होतं. वर काहीच नव्हतं. रजा मंजूर झाली.

अशा या कार्यालयात एक हेलिकॉप्टर येऊन अडकलं. म्हणजे आलं कागदावर. खरं हेलिकॉप्टर दूर लष्कराच्या तळावर ताडपत्रीखाली उभं होतं. त्याच्या डोक्यावर पाच पाती फिरतात, त्याला रोटर म्हणतात. प्रत्येक पातं मुळाशी ज्या जाडजूड धातूच्या तुकड्यात बसतं तो तुकडा म्हणजे पकड. पाच पाती, पाच पकडी. या पकडी बाहेरून यायच्या. पुढे कुणाचं कुणाशी तरी बिनसलं आणि त्या यायच्या बंद झाल्या. मग वरून हुकूम आला की इथल्या इथे बनवून घ्या. आधी नमुन्याचा एक संच करायचा, तो उडवून बघायचा, उडाला तर पुढची मागणी द्यायची. आम्ही निविदा काढली. तीन कारखानदार आले. दोघे अटी वाचून पळाले. तिसरा टिकला, कारण त्याने अटी वाचल्याच नव्हत्या. त्याला सगळे मिस्त्री म्हणायचे. पत्र्याच्या शेडमध्ये त्याची चार यंत्रं. पण हात असा की लोखंडाने लाजावं.

मिस्त्रीने चौदा महिने खपून पाच पकडी करून आणल्या. त्या मापनखोलीत दोन दिवस मुरत ठेवल्या. मुरत म्हणजे धातू खोलीइतकाच थंड होईपर्यंत त्याला नुसतं पडू द्यायचं, नाहीतर माप खोटं येतं. एका पकडीला दोन भोकं. प्रत्येक भोक तीन ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी तीन दिशांनी मोजायचं. एका पकडीचे अठरा आकडे. भोक केसाच्या दहाव्या भागाइतकं मोठं असलं तरी आतली खीळ नाचते, नाचली की झिजते, आणि मग एक दिवस पातं आपल्या वाटेने निघून जातं. राहिलेल्या चार पात्यांवर हेलिकॉप्टर उतरत नाही, पडतं.

दशांशने सकाळी आठला सुरुवात केली. दुपारी साडेतीनपर्यंत चार पकडी झाल्या. बहात्तर आकडे, सगळे चोख. बाहेर तळावरून आलेली गाडी उभी होती, आणि पर्यवेक्षक काचेतून दर पाच मिनिटांनी घड्याळाकडे बोट दाखवत होता. पाचवी पकड दशांशने टेबलावर घेतली, पुसली, आणि तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. बायको होती.

"अहो, आई न्हाणीघरात पडली. उठत नाहीये. लवकर या!"

पर्यवेक्षक दोन दारांमधल्या फटीतून आत आला. "काय झालं?"

"सासूबाई पडल्यात. पण पाचवी राहिलीय."

"चार बरोबर आल्या ना? पाचवी काय आकाशातून पडलीय? तेच यंत्र, तोच हात. माणूस खाली पडलंय घरात आणि तुम्ही भोकं मोजत बसणार?"

दशांश उभा राहिला, पुन्हा बसला. पेन हातातच होतं. पाचव्या पकडीच्या ओळीत हाताने बावीस वर्षांचं वळण गिरवलं. वरीलप्रमाणे. खाली सही, सहीवर त्याचा आकड्याचा शिक्का. आतलं दार लागलं, बाहेरचं उघडलं, आणि तो धावत सुटला.

सासूबाईंचं मनगट मुरगळलं होतं, बाकी काही नाही. जावई आलेला बघून म्हणाल्या, "एवढं धापा टाकत यायला काय झालं जावईबापू? मेले नाही मी."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पाचवी मोजायला गेला तर टेबल रिकामं. गाडी आदल्या संध्याकाळीच पाचही पकडी घेऊन गेली होती. त्याच्या सहीखाली सहा सह्या पडल्या होत्या, सहाही वरीलप्रमाणे.

काही माणसांच्या पाचवीला काय काय पुजलेलं असतं. आमच्या दशांशच्या नशिबात पाचवीच आली.

आधी त्याने सरळ रस्ता धरला नाही, हे सांगायलाच हवं. उगाच त्याला देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. त्याने आडवळणाने एक टिपण पाठवलं: भोक मोजायच्या उपकरणाबद्दल शंका आहे, तरी नमुना संच फेरतपासणीसाठी परत मागवावा. टिपण सहा टेबलं फिरून आलं. त्यावर शेरा होता, 'उपकरण गेल्याच महिन्यात तपासलेले आहे. तपासणारे: आपणच.'

मग तो मिस्त्रीच्या शेडमध्ये गेला. मनाशी म्हणत गेला असेल की तेच यंत्र, तोच हात, उगाच घाबरतोय आपण.

"काय तपासनीस, आज इकडे कुठे वाट चुकलात?" मिस्त्रीने स्टूल पुसून पुढे केलं.

"सहजच. त्या पकडी... पाचही एकाच दमात केल्या होत्या ना?"

"का? काही कमीजास्त निघालं?"

"छे, छे. चांगल्या आहेत."

"चांगल्या नुसत्या? पोरींसारख्या वाढवल्या त्या! चौघींपर्यंत तर यंत्राचा आवाजसुद्धा बदलला नाही. चौथीनंतर भोक पाडायचं मेलं टूल तुटलं. तीन दिवस गेले नवीन लावून सरळ करण्यात. पण तुम्हाला कळलं का मोजताना? नाही ना कळलं? खरं सांगा, पाचवीत फरक दिसला का?"

मिस्त्री चातकासारखा कौतुकाची वाट बघत होता.

"नाही दिसला," दशांश म्हणाला. म्हटलं तर हे खरंच होतं.

त्या दिवसापासून त्याचं जेवण तुटलं. सल्ला कुणाला विचारायचा? नमुन्याचं काम गुप्त. बंधपत्रावर सही केलेली होती की या वस्तूबद्दल घरी, दारी, नातेवाइकांत वा मित्रांत, लेखी वा तोंडी, काहीही बोलणार नाही. मुदत तहहयात. कॅन्टीनमध्ये बसलेला दिसायचा, पुढ्यातल्या चहावर साय धरलेली. आम्ही विचारायचो, "काय रे, चहा मुरत ठेवलायस का?" तो हसायचा नाही. आम्ही मात्र पोट धरून हसायचो. असो.

बायकोला त्याने एकदा आडून विचारून पाहिलं.

"समज हं, एखाद्याला पाच वाट्या घासायच्या होत्या. चार घासल्या. पाचवी न घासताच मांडणीत ठेवली. आणि आता त्या वाटीतून कुणीतरी खाणार आहे."

"मग काढून घासायची."

"मांडणी लोकांच्या घरात आहे."

"लोकांच्या घरी भांडी घासायला जाता की काय तुम्ही?"

विषय संपला. पण डोक्यातून जाईना. पुढच्या रविवारी दुपारी जेवून तो आडवा झाला, डोळा लागला, आणि बंधपत्राने बांधलेलं तोंड झोपेत सुटलं.

"पाचवीला हात लावला नाही मी!" तो मोठ्याने म्हणाला. "शपथ घेऊन सांगतो, पाचवीला हात नाही लावला!"

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातली चादर तशीच राहिली. तिने त्याला गदागदा हलवलं.

"अहो! उठा! कोण पाचवी?"

तो ताडकन उठून बसला. चेहरा पांढराफटक. "काय बोललो मी?"

"पाचवीला हात लावला नाही म्हणालात. म्हणजे पहिल्या चौघींना लावलात?"

आता इथे कुठल्याही नवऱ्याने काहीतरी थाप मारली असती. पण याला आयुष्यात खोटं माप लिहायची सवय नाही. तो प्रामाणिकपणे म्हणाला, "चौघींचं सगळं नीट झालं. त्याबद्दल मला सांगता येणार नाही. सही केलीय मी."

"सही केलीत? कशावर सही केलीत?"

"तेही सांगता येणार नाही."

बाहेरच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. "विचार त्यांना, एखादी विधवा-बिधवा आहे का त्यात? मी म्हटलंच होतं, एवढा गप्प माणूस चांगला नसतो!"

वसाहतीच्या भिंती म्हणजे नुसता पुठ्ठा. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी त्या दिवशी दुपारची झोप घेतली नाही, एवढं सांगितलं म्हणजे पुरे. सोमवारी सकाळी साडेदहाला 'पाचवी' कॅन्टीनमध्ये पोचली होती. कुणी पोचवली ते विचारू नका. काकू माझ्या चुलत मेहुणी लागतात.

बायको दोन दिवस बोलली नाही. मग म्हणाली, "एकच सांगा. तिचं नाव काय?" तो म्हणाला, "तिला नाव नाही, क्रमांक आहे." त्यानंतर ती महिनाभर बोलली नाही. सासूबाईंना सोडून माहेरी जाता येईना, कारण सासूबाई म्हणजेच माहेर, आणि त्या इथेच पलंगावर होत्या. तीन माणसं दोन खोल्यांत एकमेकांकडे पाठ करून राहत होती, आणि खिडकीतून ती भिंत दिसत होती.

तिकडे तळावर पकडी बसवल्या गेल्या. आधी हेलिकॉप्टर जमिनीलाच बांधून चाळीस तास पाती फिरवायची, मग उड्डाण. रोज दुपारी आमच्या कार्यालयाच्या फलकावर तासांचा आकडा लागायचा. अकरा. सतरा. सव्वीस. आम्हाला आनंद, की चला, आपली खरेदी फिरतेय. दशांश फलकासमोर उभा राहायचा तो खांबासारखा. बांधून फिरवताना पकडीवर उड्डाणातला सगळा ताण येतच नाही, हे त्या गर्दीत त्या एकट्यालाच ठाऊक होतं.

छत्तीस तास झाले त्या दिवशी चाचणी वैमानिक आमच्याकडे आला. उंच, बडबड्या, सगळ्यांच्या पाठीवर थापा मारणारा माणूस. पर्यवेक्षकाला म्हणाला, "ज्याने मोजल्या तो कुठेय?" आणि दोन दारांमधून वाकून थेट मापनखोलीत.

"काका, तुम्हीच का ते? हात द्या. माझा एक शिरस्ता आहे. ज्याच्या सहीवर लटकायचं त्याचा चेहरा आधी बघून ठेवायचा."

दशांशने हात दिला. हात थंडगार होता. वैमानिक म्हणाला, "बापरे, काय थंडी आहे इथे! तुम्ही राहता कसे इथे काका? मला तर वर आभाळ नसलं की गुदमरायला होतं." आणि इकडेतिकडे बघत पुढे म्हणाला, "पाच मिनिटांत बायकोची आठवण आली बघा मला. सोमवारी उडतोय. मंगळवारी तुम्हाला पेढे... ते राहू द्या, काय आवडतं तुम्हाला?"

"काही नको," दशांश म्हणाला. "तुम्ही या परत."

वैमानिक खदखदा हसला. त्याला वाटलं काका विनोदी आहेत.

वैमानिक बाहेर पडला. आतलं दार लागलं, मग बाहेरचं उघडल्याचा आवाज आला. दशांशने हातमोजे काढले, उपकरणं डब्यात ठेवली, स्वेटर खुर्चीला अडकवला आणि जिना चढून सरळ प्रमुखांच्या दालनात गेला. आगाऊ वेळ न घेता. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

"साहेब, पाचवी पकड मी मोजलेली नाही."

प्रमुखांनी चष्मा काढला. "दार लावा. बसा. पाणी घ्या." मग म्हणाले, "मोजली नाही म्हणजे काय? नोंद आहे."

"नोंद वरीलप्रमाणे आहे, साहेब. वरती चौथी आहे."

"हे बघा. तुमच्या एका वरीलप्रमाणेवर माझ्यासकट सहा वरीलप्रमाणे बसलेत. तुम्ही खालून वीट काढलीत तर सातही जण खाली येतील. तुम्हाला घर आहे, घरात म्हातारं माणूस आहे. मलाही आहे."

"वैमानिकालाही आहे, साहेब. बायको. आत्ताच म्हणाला."

प्रमुख उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. माणूस वाईट नव्हता. निवृत्तीला सात महिने राहिलेला माणूस होता, एवढंच. त्यांनी खणातून एक कोरा तपासणी-तक्ता काढला आणि दशांशपुढे सरकवला.

"तुम्ही मोजली होतीत. गडबडीत आकडे लिहायचे राहिले. असं होतं. अठरा आकडे लिहा, तारीख तीच टाका. मी समोर आहे. कुणी विचारणार नाही."

"आणि ती मोठी असली तर?"

"चार बरोबर आल्या. पाचवी का चुकेल?"

"चौथीनंतर टूल तुटलं होतं."

प्रमुखांनी टोपण काढून पेन पुढे धरलं. "लिहिल्याशिवाय उठायचं नाही," ते हळूच म्हणाले.

दशांशने पेन घेतलं. तक्त्यात अठरा चौकोन. समोर साहेब, मागे बंद दार. घराच्या किल्ल्या खिशात बोचत असतील, सासूबाईंची लोखंडी चौकट फरशीवर टकटक करत डोळ्यांपुढून जात असेल. तो पाच मिनिटं बसून राहिला. मग पहिल्या चौकोनात त्याने आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, 'मोजलेले नाही'. आणि खालच्या सतरा चौकोनांत, एकेक करून, 'वरीलप्रमाणे'. खाली त्या दिवसाची तारीख, सही, शिक्का.

तो तक्ता मी पाहिलाय. चौकशीची कागदपत्रं टाइप करायला माझ्याकडे आली होती, त्यांतला तो पहिला कागद. त्याचा अकरा पानी जबाबही मीच टाइप केला. त्यात वाट्या आहेत, झोप आहे, सासूबाई आहेत, सगळं आहे. टाइप करताना मी आधी हसलो. सातव्या पानापासून हसलो नाही.

असा कागद हातात आल्यावर प्रमुखांना दुसरा रस्ताच उरला नाही. तळावर फोन गेला. उड्डाण रद्द झालं. पाचवी पकड काढून गाडीने परत आणली, पुन्हा दोन दिवस मुरत ठेवली. मोजायला दुसऱ्या कार्यालयातला तपासनीस बोलावला, साक्षीला तीन अधिकारी. दशांशला आत यायची बंदी. तो काचेबाहेर उभा राहिला. वीस अंशांची सवय असलेला माणूस, बाहेरच्या उकाड्यात घामाने निथळत होता.

दोन तासांनी तपासनीस बाहेर आला.

"किती आलं?" दशांशने विचारलं.

"बरोबर आहे."

"अठराच्या अठरा?"

"अठराच्या अठरा. चौथीपेक्षा सरस आहे खरं तर."

"दुसरं भोक, सगळ्यात आतलं माप? तिथे टूल थरथरतं."

"सांगितलं ना, बरोबर आहे."

दशांशच्या चेहऱ्यावर असा काही आनंद पसरला म्हणतात, की त्या तपासनीसाने दचकून साक्षीदारांकडे बघितलं. मग त्या चेहऱ्याला हळूहळू कळलं असावं की ही आनंदाची बातमी आपल्या काहीच उपयोगाची नाही. पकड खराब निघती तर तो वैमानिकाचा प्राण वाचवणारा ठरता. पकड चांगली निघाली. म्हणजे त्याने लष्कराचं उड्डाण तीन आठवडे फुकट लांबवलं, सहा अधिकाऱ्यांना मान खाली घालायला लावली, आणि वर खोटी नोंद केल्याची लेखी कबुली दिली. हेलिकॉप्टर पुढे त्याच पाच पकडींवर उडालं आणि नऊ वर्षं उडत राहिलं. मिस्त्रीला मोठी मागणी मिळाली. वैमानिक पुन्हा आमच्याकडे फिरकला नाही. असल्या माणसाचा चेहरा कशाला बघायचा, असं वाटलं असेल त्याला.

नोकरी गेली नाही. प्रमुखांनी तेवढं केलं. घर राहिलं, सासूबाईंचा पलंग जागेवर राहिला. दशांशला मात्र मापनखोलीतून काढून भांडारात बसवलं, घोंगड्या मोजायला. घोंगड्यांना दशांश नसतो. नगावर मोजायच्या. आठ वर्षं त्याने त्या मोजल्या, आणि प्रत्येक गठ्ठा सोडून मोजल्या. गठ्ठ्यावर लिहिलेला आकडा त्याने कधी मान्य केला नाही, म्हणून भांडारवालेही त्याला वैतागले. बंधपत्र तहहयात असल्यामुळे का काढलं, का बसवलं, हे त्याला कुणाला सांगता आलं नाही. चौकशी गुप्त, निकाल गुप्त. लोकांना दिसलं ते एवढंच: दशांशने काहीतरी केलं, हेलिकॉप्टर उडायचं थांबलं, आणि त्याच्या घरात कुठल्याशा पाचवीवरून भांडण होतं. बाकीचं आम्ही भरलं. रिकामी जागा दिसली की भरायची, हे आम्हाला कार्यालयानेच शिकवलं होतं.

बायको परत बोलायला लागली. केव्हा, कशी, ते जबाबात नाही आणि काकूंनाही ऐकू आलं नाही. पण कधी काही चुकलं की ती म्हणायची, "जा तुमच्या पाचवीकडे." सासूबाई गेल्या, तो निवृत्त झाला, दोघं तळमजला सोडून गेली. निरोप समारंभात प्रमुखांच्या जागी आलेल्या नव्या साहेबांनी भाषणात त्याच्या 'रंगेल स्वभावा'चा उल्लेख केला. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

ते हेलिकॉप्टर आता भंगारात गेलं, कागदांची मुदत संपून ते जाळले गेले, आणि मी काही बंधपत्रावर सही केलेली नव्हती. म्हणून सांगतो.

बाई कुणी नव्हती. पाचवी म्हणजे रोटरची पाचवी पकड. ती त्याने मोजली नव्हती, आणि मोजली नाही असं त्याने लिहून दिलं. नंतर ती मोजली तेव्हा बरोबर होती.